बेळगाव सीमाभागाचा साहित्य-इतिहास कसा वाचावा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली अकरा वर्षं आमच्या घरच्या माडीवर महिन्यातून एकदा वाचणाऱ्यांची बैठक बसते. बेळगावातले, खानापूरकडचे, निपाणीचे, कधी बाजाराला आलेले चंदगडचे असे आठ-दहा जण जमतो. नवीन माणूस आला की बहुतेक तेच प्रश्न पुन्हा येतात, म्हणून ते आणि त्यांची माझी उत्तरं एकदा लिहून काढली. मी प्राध्यापक नाही. या गावात चाळीस वर्षं वाचत आलेली बाई आहे, एवढंच.

साहित्याचा इतिहास पहिल्यापासून वाचायचा आहे. सुरुवात कुठून करू?

पहिल्यापासून करू नका. लीळाचरित्र, ज्ञानेश्वरी, पुढे संत, पंडित कवी, शाहीर, केशवसुत ही शाळेत पाठ केलेली शिडी चुकीची नाही. पण त्या शिडीनं चढायला निघालेले कितीतरी जण मोरोपंतांच्या आर्यांपाशी दमून बसलेले मी पाहिले आहेत. त्यातले निम्मे परत पुस्तकाकडे आले नाहीत.

आपल्या पायाखालून सुरू करा. ज्या रस्त्यानं तुम्ही रोज जाता त्या रस्त्यावर कोण लिहीत होतं, ते आधी शोधा. एक गाव, एक लेखक, एक पुस्तक. त्या पुस्तकातून मागे आणि पुढे वाटा आपोआप फुटतात. अण्णासाहेब किर्लोस्करांचं शाकुंतल हातात घेतलंत की मागे कालिदास उभा असतो आणि पुढे नाटककार देवल. इंदिरा संतांची कविता घेतलीत की मागे जात्यावरची ओवी ऐकू येते. आपल्या देशात साहित्याचा इतिहास एका भाषेचा नाही, आणि बेळगावसारख्या ठिकाणी तर एकाच भिंतीच्या दोन बाजूंना दोन भाषा नांदतात. त्यामुळे इथल्या वाचकाला तो इतिहास पुण्या-मुंबईच्या वाचकापेक्षा लवकर उमगू शकतो. फक्त त्यानं दोन्ही बाजूंना कान द्यायला हवा.

तुम्ही सारखं गुर्लहोसूरचं नाव घेता. तिथे एवढं काय आहे?

नवीन माणसाला मी पहिली गोष्ट हीच सांगते. गुर्लहोसूर हे सौंदत्तीच्या बाजूचं, मलप्रभेच्या खोऱ्यातलं गाव. बळवंत पांडुरंग किर्लोस्कर, म्हणजे अण्णासाहेब, १८४३ साली तिथे जन्मले. त्याच वर्षी सांगलीत विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवराचा खेळ केला, आणि त्याची प्रेरणा कर्नाटकातून आलेल्या भागवत मेळ्याच्या खेळांची होती. म्हणजे मराठी रंगभूमीची पहिली ठिणगीच कानडी मुलखातून आली. पुढे ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेबांनी शाकुंतलाचा प्रयोग केला आणि संगीत नाटक उभं राहिलं. १८८२ मध्ये सौभद्र आलं. त्या काळच्या नाट्यपदांत कानडी चाली किती आहेत, हे जुनी पदं जाणणाऱ्या कुणालाही विचारा. ज्याचे कान लहानपणी दोन भाषांत तयार झाले त्यालाच ते सुचलं असणार, असं मला वाटतं. शारदा लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल शिकले बेळगावातच, आणि शाळेत त्यांना शिकवायला अण्णासाहेब होते.

आता त्याच गावातले दुसरे गृहस्थ. शं. बा. जोशी, जन्म १८९६. कन्नड भाषा आणि संस्कृतीचा इतका खोल शोध घेणारे संशोधक कर्नाटकात थोडे झाले. १९७० साली त्यांना कन्नडसाठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पण त्यांनी मराठीतही पुस्तक लिहिलं आहे, मऱ्हाटी संस्कृतीच्या काही समस्यांवर. गावांची नावं, देवतांची नावं, जुने शब्द उकलत ते दोन्ही समाजांच्या मुळाशी जातात. त्यांची सगळीच अनुमानं आज टिकतील असं नाही, पण त्यांची प्रश्न विचारण्याची धिटाई अजून थक्क करते.

त्याच गावात लक्ष्मणराव किर्लोस्करांचाही जन्म, १८६९ चा. ते कारखानदार, मग साहित्याशी त्यांचा काय संबंध, असं कुणी विचारतं. बेळगावात सायकलींच्या धंद्यापासून सुरुवात करून ते १९१० मध्ये औंध संस्थानात गेले, किर्लोस्करवाडी वसवली, आणि तिथूनच १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघालं. पुढे तेच ‘किर्लोस्कर’ मासिक झालं. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही मासिकं निघाली. माझ्या आईनं वाचायला शिकल्यावर पहिलं हातात धरलं ते ‘स्त्री’. एका गावातून संगीत नाटक, कन्नड संशोधन आणि मराठी मध्यमवर्गाला घडवणारी मासिकं, असे तीन प्रवाह निघाले. मराठी आणि कन्नड साहित्याचे इतिहास वेगवेगळ्या पुस्तकांत छापले जातात, म्हणून हे तिन्ही एका पानावर सहसा दिसत नाहीत.

जी. ए. कुलकर्णी अवघड वाटतात. दोनदा सोडले. काय करू?

तिसऱ्यांदा दुसऱ्या दारानं या. बहुतेकांना आधी कुणीतरी ‘रमलखुणा’ देतं. त्यात ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दोनच दीर्घ कथा आहेत, स्थळ-काळ ओळखीचं नाही, आणि वाचक तिथेच हरवतो. त्याऐवजी ‘माणसे : अरभाट आणि चिल्लर’ घ्या. जी.एं.च्या बालपणाच्या आठवणींचं ते पुस्तक त्यांच्या निधनानंतर आलं. त्यातली माणसं, घरं, शाळा, वाटा आपल्या भागातल्या माणसाला लगेच ओळखू येतात. जी.एं.चा जन्म १९२३ चा, चिकोडीकडच्या एकसंब्याचा. शिक्षण बेळगावात झालं आणि मग जवळजवळ सगळं आयुष्य धारवाडच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवण्यात गेलं. १९८७ साली ते पुण्यात गेले.

त्यानंतर ‘निळासावळा’ (१९५९) आणि ‘पारवा’ (१९६०). इथल्या कथांत घरं आहेत, नाती आहेत, गरिबी आहे, आणि माणसाला खेळवणारं दैव आहे. या टप्प्यावर घाई करू नका. एका बैठकीत एकच कथा वाचा, पुस्तक मिटा, बाहेर फिरून या. मग ‘काजळमाया’ (१९७२). ‘रमलखुणा’ सगळ्यात शेवटी, आणि ते कळलं पाहिजे असा हट्ट न धरता.

काजळमायेला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुढे पुस्तकाच्या प्रकाशनाच्या तारखेवरून वाद उठला आणि जी.एं.नी पुरस्कार परत केला. हे प्रकरण लोक फार चवीनं सांगतात. मला त्याहून मोठी वाटते ती वेगळी गोष्ट. त्याच १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार कन्नड कवी द. रा. बेंद्र्यांना मिळाला, आणि बेंद्रेही धारवाडचेच. एका वर्षी एका गावात दोन भाषांचे दोन शिखरावरचे लेखक राहत होते. धारवाडला जाल तेव्हा बेंद्रे राहत ते साधनकेरी बघाच, आणि त्याच हवेत ‘काजळमाया’ लिहिली गेली हे मनात ठेवून बघा.

बेंद्रे मराठी की कन्नड?

घरची भाषा मराठी, कविता कन्नड. अंबिकातनयदत्त या नावानं त्यांनी कन्नड कवितेला जी लय दिली ती रस्त्यावरच्या, जात्यावरच्या, लावणीच्या बोलीतून उचललेली आहे. त्यांनी बरीच वर्षं सोलापुरात अध्यापन केलं आणि मराठीतही लिहिलं. माणूस एकाच भाषेच्या खात्यावर मांडायचा ही सवय इथे उपयोगाची नाही. आमच्या बैठकीत एक काका एकदा रागानं म्हणाले, “आपला माणूस त्यांनी नेला.” त्याच दिवशी आम्ही बेंद्र्यांची एक कविता मूळ कन्नडमध्ये मोठ्यानं वाचून घेतली, एका शेजारणीकडून. अर्थ निम्मा कळला, पण ठेका सगळ्यांना कळला. काकांनी ती परत वाचायला लावली.

आम्हाला कन्नड वाचता येत नाही. मग त्या बाजूचं काय वाचणार?

आधी अनुवाद. आणि अनुवादाच्या बाबतीत बेळगावचं एक मोठं देणं आहे, उमा कुलकर्णी. त्या मूळच्या बेळगावच्या. कन्नड कादंबरीकार भैरप्पांच्या कादंबऱ्या आज मराठी घराघरांत आहेत त्या प्रामुख्यानं त्यांच्यामुळे. ‘वंशवृक्ष’च्या अनुवादासाठी त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यांची कामाची रीत मला फार आवडते. पती विरूपाक्ष कन्नड वाचणार, त्या ऐकणार आणि मराठीत उतरवणार. विरूपाक्ष स्वतः मराठीतून कन्नडमध्ये अनुवाद करत. ‘संवादु अनुवादु’ हे उमाताईंचं आत्मकथन मिळवून वाचा. भाषा शिकण्यासाठी आधी लिपी यावी लागते असं समजणाऱ्यांनी तर जरूर वाचावं.

दुसरं, बेळगाव जिल्ह्यातलेच कन्नड लेखक शोधा. चंद्रशेखर कंबार हे हुक्केरी तालुक्यातल्या घोडगेरीचे, जन्म १९३७. त्यांना २०१० चं ज्ञानपीठ मिळालं. त्यांच्या नाटकांत आपल्या भागातल्या जत्रा, जोकुमारासारखे लोकदेव, रात्रभर चालणारे खेळ येतात. बसवराज कट्टीमनी गोकाक तालुक्यातले. कष्टकऱ्यांवर लिहिणाऱ्या या कादंबरीकाराला १९६८ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आणि गोकाकच्याच बाजूला कुलगोड तम्मण्णांनी लोकप्रिय केलेलं श्रीकृष्ण पारिजात हे लोकनाट्य अजून खेळलं जातं. एकदा रात्र जागवून बघा. सत्यभामेचा रुसवा कळायला भाषा लागत नाही.

आणि तिसरं, जरा कान उघडे ठेवा. अण्णा, अक्का हे शब्द दोन्हीकडे आहेत. आपलं तूप त्यांच्याकडे तुप्प. बसच्या पाट्या वाचता-वाचता आमच्यातल्या तिघींनी दोन पावसाळ्यांत लिपी शिकून घेतली. कन्नडमध्ये ए आणि ओ यांचे ऱ्हस्व-दीर्घ असे दोन-दोन प्रकार आहेत, ते आपल्या देवनागरीत नीट दाखवता येत नाहीत. तेवढं ध्यानात आलं की नावं बरोबर उच्चारता येतात, आणि नाव बरोबर उच्चारलं की समोरचा माणूस खुलतो.

इंदिरा संतांवर तुमचा इतका जीव का?

कारण त्या आमच्या गावात राहिल्या, शिकवलं, घर चालवलं, आणि जगातली उत्तम कविता लिहिली. त्यांचा जन्म १९१४ चा, इंडीचा. माहेरचं गाव तवंदी, निपाणीजवळच्या घाटातलं. पती नारायण संतांबरोबर १९४० मध्ये ‘सहवास’ हा संग्रह काढला. १९४६ मध्ये नारायणराव गेले. पदरात लहान मुलं होती. त्यानंतर ‘शेला’, ‘मेंदी’, ‘मृगजळ’, ‘रंगबावरी’ असे संग्रह येत गेले, आणि ‘गर्भरेशीम’ला १९८४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्या २००० साली गेल्या.

त्यांच्या कवितेत दुःख आहे हे सगळे सांगतात. मी म्हणते, त्यातली झाडं बघा. पाऊस बघा. अंगणातला उजेड, परसातली वेल, ओल्या मातीचा वास. बेळगावचा पाऊस ज्यानं जूनपासून सप्टेंबरपर्यंत भोगला आहे त्याला त्या कवितेतली ओल अंगावर जाणवते. दुसरं, त्यांनी ‘मालनगाथा’ केली. बायकांच्या तोंडच्या ओव्या गोळा करून त्यांवर प्रेमानं लिहिलं. एवढी मोठी कवयित्री, आणि स्वतःच्या कवितेच्या मागे उभ्या असलेल्या निनावी बायकांचं ऋण मान्य करते. या दोन पुस्तकांना जोडून वाचलंत, म्हणजे ‘गर्भरेशीम’च्या शेजारी ‘मालनगाथा’ ठेवलीत, तर साहित्याच्या इतिहासात बायका कुठे होत्या हा प्रश्न वेगळा विचारावा लागणार नाही.

कृ. ब. निकुंब यांचंही नाव इथेच घेते. ‘घाल घाल पिंगा वाऱ्या’ सगळ्यांना पाठ असतं, पण ते लिहिणारा कवी बेळगावात शिकवत होता हे आमच्याच मुलांना ठाऊक नसतं.

लंपन कुठल्या गावचा?

लंपन हा प्रकाश नारायण संतांच्या कथांतला मुलगा. संतांनी त्याच्या गावाचं नाव उघड सांगितलं नाही, पण बेळगावच्या माणसाला सांगावं लागत नाही. प्रकाश संत हे इंदिराबाईंचे चिरंजीव, कराडला भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक. लंपनच्या पहिल्या कथा साठच्या दशकात ‘सत्यकथे’त आल्या, मग फार मोठा खंड पडला आणि १९९४ मध्ये ‘वनवास’ हे पुस्तक आलं. पुढे ‘शारदा संगीत’, ‘पंखा’, ‘झुंबर’. २००३ मध्ये ते गेले.

आजी-आजोबांकडे राहणारा एक मुलगा, कानडीच्या संगतीत वाढलेली त्याची मराठी, त्याचं मनातल्या मनात बोलणं. आमच्या बोलीतलं ‘मॅड’ आणि ‘बेष्ट’ छापील पुस्तकात पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी पुस्तक छातीशी धरून बसले होते. लहानपणी कोल्हापूरच्या मावशीकडे गेलं की आमच्या बोलण्याची नक्कल व्हायची, आणि आम्ही गप्प बसायचो. लंपननं ती लाज काढून टाकली. पु. ल. देशपांड्यांच्या ‘गणगोत’मधले रावसाहेबही याच बोलीत बोलतात. पु. ल. काही काळ बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात शिकवत होते, तेव्हाचं ते धन आहे. पण पु. लं.नी ही बोली पाहुण्याच्या कौतुकानं ऐकली. लंपन ती आतून बोलतो.

निपाणी, चिकोडीकडच्या माणसानं काय वाचावं?

महादेव मोरे. निपाणीत पिठाची गिरणी चालवत हा माणूस आयुष्यभर लिहीत राहिला. ड्रायव्हर, मेकॅनिक, हमाल, तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बायका, गिरणीवर दळण घेऊन येणारी माणसं त्यांच्या कथा-कादंबऱ्यांत आहेत. ‘एकोणिसावी जात’, ‘झोंबडं’ मिळवा. त्यांना मोठ्या शहरांनी द्यायला हवा होता तेवढा मान दिला नाही असं माझं स्पष्ट मत आहे. निपाणीच्या तंबाखूबद्दल अनिल अवचटांनीही लिहिलं आहे, आणि १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली इथेच तंबाखू शेतकऱ्यांचं मोठं आंदोलन झालं. मोरे वाचताना तो काळ माहीत असलेला बरा. त्यांच्या पात्रांचा खोकला तुम्हाला ऐकू येईल.

सौंदत्तीच्या यल्लम्मावर मराठीत काही आहे का?

आहे, आणि ते वाचताना जड जातं. सीमेच्या दोन्ही बाजूंनी माणसं डोक्यावर जग, म्हणजे देवीची परडी-मूर्ती, घेऊन सौंदत्तीच्या डोंगरावर जातात. देवीला मुली आणि मुलगे सोडण्याच्या प्रथेवर गडहिंग्लज भागातल्या राजन गवसांनी ‘चौंडकं’ (१९८५) आणि ‘भंडारभोग’ लिहिलं. उत्तम बंडू तुप्यांचं ‘झुलवा’ही याच जगातलं. कर्नाटकानं १९८२ मध्ये कायद्यानं ही प्रथा बंद केली, पण कायद्याच्या आधीच्या आणि नंतरच्या आयुष्यांचं काय झालं ते या कादंबऱ्यांतून कळतं. आमच्या बैठकीत ‘चौंडकं’ झालं त्या दिवशी कुणीच चर्चा केली नाही. चहा तसाच राहिला.

बेळगावात साहित्य संमेलनं किती वेळा झाली?

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तीनदा. १९२९ मध्ये अध्यक्ष शि. म. परांजपे, १९४६ मध्ये ग. त्र्यं. माडखोलकर आणि २००० मध्ये य. दि. फडके. १९४६ चं संमेलन सर्वांत जास्त आठवलं जातं, कारण संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीला तिथून जोर आला. माडखोलकर नागपूरच्या ‘तरुण भारत’चे संपादक होते. बेळगावचं ‘तरुण भारत’ वेगळं, ते बाबुराव ठाकुरांनी १९१९ मध्ये सुरू केलेलं. दोन्हींची गल्लत नेहमी होते.

एक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. त्याच १९२९ मध्ये कन्नड साहित्य संमेलनही बेळगावातच भरलं होतं, आणि त्याचे अध्यक्ष होते मास्ती वेंकटेश अय्यंगार. एका वर्षात एका गावानं दोन्ही भाषांच्या संमेलनांचा पाहुणचार केला. त्या वर्षीची दोन्ही अध्यक्षीय भाषणं शेजारी ठेवून वाचावीत अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे. कुणाकडे असली तर माडीवर घेऊन या.

सीमाप्रश्न न काढता या साहित्यावर बोलता येतं का?

येत नाही, आणि लपवूही नये. १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यातला हा जिल्हा, चंदगड तालुका वगळून, तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. त्या दिवसापासून घराघरांत जे बोललं गेलं ते लिहिण्यात येणारच. मराठी शाळा, मराठी पाट्या, मराठी कागदपत्रं यांसाठी माणसांनी आयुष्यं घातली आहेत. माझ्या वडिलांनीही त्यात आपली वर्षं घातली, आणि त्याचा मला अभिमान आहे.

पण पुस्तकं निवडताना ती रेघ आड येऊ देऊ नका. रणजित देसाईंचं कोवाड चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. पण त्या गावची माणसं बाजाराला, दवाखान्याला बेळगावलाच येतात. ‘स्वामी’ (१९६२) लिहिणारा माणूस आमच्या शेजारचा नव्हता असं कुठल्या तोंडानं म्हणायचं? आणि ज्ञानदेवांनी विठ्ठलाला ‘कानडाऊ’ म्हटलं त्याचा अर्थ पंडितांनी कसाही लावावा, पुरंदरदासही त्याच विठ्ठलाची पदं कन्नडमध्ये गात होते.

आम्ही कारवारकडचे. आमच्यासाठी काही?

१९५१ चं मराठी संमेलन कारवारला झालं, अध्यक्ष अ. का. प्रियोळकर. तुमच्याकडचा धागा कोकणीतून आणि गोव्यातून जातो, तो मला नीट हाताळता येत नाही. तुमच्यापैकी कुणी लिहा.

खेड्यांतल्या संमेलनांना जावं का? तिथे मोठे लेखक नसतात.

जावंच. कडोली, उचगाव, सांबरा, येळ्ळूर, कुद्रेमानी, कारदगा अशा गावांत हिवाळा सुरू झाला की संमेलनं भरतात. गाव वर्गणी काढतं. ग्रंथदिंडीला बायका नऊवारी नेसून डोक्यावर कलश घेऊन येतात, शाळेची पोरं लेझीम खेळतात, भजनी मंडळं असतात, आणि दुपारी सगळ्या गावाचं जेवण. मग मांडवात शेतकरी, शिक्षक, गवंडी असे सगळे मांडी घालून कविता ऐकतात. भाताची सुगी आटोपलेली असते, हाताला वेळ असतो. साहित्य ऐकायला अख्खं गाव बसलेलं मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. निमंत्रितांचं कविसंमेलन ऐकाच, पण नंतर थांबून गावातला एखादा लिहिणारा गाठा. त्याच्याकडे वही असते.

मुलं कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात आहेत. मराठी वाचतील का?

वाचायला देऊ नका, वाचून दाखवा. लंपनपासून सुरू करा, रात्री दहा पानं. त्यातली बोली त्यांनी आजीकडून ऐकलेली असते. शाळेत कन्नड शिकतात ते तर चांगलंच आहे. माझी नात कंबारांचा धडा मला वाचून दाखवते, मी तिला इंदिराबाई.

पुस्तकं मिळत नाहीत. कुठे शोधायची?

आधी शहरातलं सार्वजनिक वाचनालय, मग गावोगावची छोटी वाचनालयं. वर्गणी भरा, कारण वर्गणी आटली की कपाटं बंद होतात. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुष्कळ पुस्तकं इंटरनेटवर फुकट वाचता येतात. लेखकाची तोंडओळख हवी असेल तर मराठी विश्वकोशही तसाच उपलब्ध आहे. एकेका लेखकावर छोटं पुस्तक हवं असेल तर साहित्य अकादमीची ‘भारतीय साहित्याचे निर्माते’ ही मालिका बघा, आणि इतर भाषांतल्या कादंबऱ्यांसाठी नॅशनल बुक ट्रस्टची ‘आदान-प्रदान’ मालिका.

आणि रद्दीवाल्याशी ओळख ठेवा. एका वाचनालयानं जागा नाही म्हणून जुन्या मासिकांचे गठ्ठे किलोवर काढले, हे मला दोन दिवस उशिरा कळलं. धावत गेले तोवर निम्मे गेले होते. उरलेल्यांत ‘किर्लोस्कर’चे सतरा अंक मिळाले. ते माडीवर आहेत, बसून वाचता येतील.

आमच्या गावात लेखक कुणीच झाला नाही. आम्ही काय शोधायचं?

गावात सत्तरीच्या पुढची बाई आहे ना? मग आहे. माझी आज्जी खानापूर तालुक्यातली. तिला किती ओव्या येत होत्या ते मला कधी मोजता आलं नाही, कारण मी लिहूनच घेतल्या नाहीत. ती गेली तेव्हा मी पंचवीस वर्षांची होते, पदवीधर होते आणि साहित्य म्हणजे पुस्तक असं समजत होते. आज तिच्या चार ओव्या मला येतात. त्यांतल्या एकीची शेवटची ओळ आठवत नाही.

म्हणून तुम्ही असं करा. फोन रेकॉर्डिंगला लावून बाजूला ठेवा आणि हातात काहीतरी काम घ्या. शेंगा फोडा, तांदूळ निवडा. समोर वही घेऊन बसलं की बायका गप्प होतात. काम चालू असलं की गाणं आपोआप येतं. मध्ये कानडी ओळ आली तर थांबवू नका, तशीच येऊ दे. बाईचं नाव, माहेर, सासर, कुणाकडून शिकली ते नंतर विचारून घ्या, आणि तिची परवानगीही घ्या. मग घरी येऊन तिनं म्हटलं तसंच उतरवा, ‘करालोय’ असेल तर ‘करतोय’ करू नका. पुढच्या बैठकीला वही घेऊन या. कन्नड ओळी वाचायला आमच्या शेजारीण अक्का येतात.